वास येतोय म्हणजे पाला कमी पडतोय

‘सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत केलं की वास आणि माश्या, ते पालिकेनेच बघावं,’ असं काही जण म्हणतात. हा त्रास आम्हीही भोगलाय. पहिल्याच पावसाळ्यात खताच्या हौदातून काळं पाणी झिरपायला लागलं आणि तळमजल्यावरच्या काकूंनी लेखी तक्रार दिली. त्यांचं बरोबरच होतं. आम्ही ओला कचरा नुसताच ओतत होतो. आत हवा खेळली नाही की तो कुजतो, वास त्याचा. आता प्रत्येक थरावर वाळका पाला किंवा लाकडाचा भुसा टाकतो आणि आठवड्यातून एकदा वरखाली करतो. मूठभर दाबून पाणी ठिबकलं, तर पाला वाढवायचा. आवारात पाला जाळणं त्यामुळे बंद झालं, हे मला खताहून मोलाचं वाटतं.

दुसरं, कचरा नेणाऱ्या ताईंबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली. सुका कचरा विकून येणारे पैसे या ताईंचे असतात. खरकट्यात भिजलेल्या पुठ्ठ्याला भाव मिळत नाही, म्हणजे आपला आळस थेट त्यांच्या कमाईतून कापला जातो. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, उघड्या हातांना कळतं तरी.

पालिकेलाही सोडू नका. अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवतात, तेव्हा अर्ज भरा. आम्ही यंदा पाल्यासाठी जाळीचा पिंजरा मागितलाय.