दिग्दर्शकाच्या कागदपत्रांत आधी काय बघायचं? पहिल्यांदाच अर्काइव्हमध्ये जातेय

तिसरी_घंटा
नमस्कार मंडळी, पीएचडीसाठी एका दिग्दर्शकांचे कागद बघायला जायचंय. ते नाटकं बसवायचे आणि आयुष्यभर नाट्यशास्त्र शिकवलं, लिहिलं पण. सूचीत ४७ बॉक्स दिसतायत आणि माझ्याकडे फक्त पाच दिवस. गट एकदम ढोबळ आहेत, 'तालमीच्या वह्या', 'पत्रव्यवहार', 'लेखांचे खर्डे' आणि मग 'इतर', त्या 'इतर'मध्येच ११ बॉक्स! माझा विषय त्यांचा अभिनयविचार आहे म्हणून मी ठरवलंय की आधी लेख आणि व्याख्यानं संपवायची, तालमीच्या वह्या वेळ उरला तर. गाइडना पण हे पटलंय. पण मला आतून धाकधूक होतेय की काहीतरी चुकतंय. त्यांचं शेवटचं नाटक मी शाळेत असताना बघितलं होतं, त्यातला शेवटचा अंधार अजून आठवतो, म्हणून हे काम नुसतं डिग्रीसाठी नाहीये माझ्यासाठी. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी प्लीज सांगा.

विंगेतली
प्लॅन उलटा करा, अगदी मनापासून सांगतेय. लेख त्यांनी छापायला दिले तेव्हा विचार करून, घासूनपुसून दिले, ते लायब्ररीत पण मिळतील. तालमीची वही दुसरीकडे कुठेच मिळणार नाही.

मी बरीच वर्षं बॅकस्टेज केलंय, प्रॉम्प्ट कॉपी (प्रयोगाच्या सगळ्या सूचना लिहिलेली संहितेची प्रत) सांभाळलीय, त्यामुळे ती कशी वाचायची ते सांगते. बऱ्याचदा छापील संहितेची पानं सुटी करून मोठ्या वहीत चिकटवलेली असतात आणि समोरचं पान कोरं ठेवतात, त्या कोऱ्या पानावर मूव्ह्ज, एंट्र्या, लाइटचे क्यू (दिवे कधी बदलायचे त्या खुणा), पॉज. पहिलं काम म्हणजे अक्षरं ओळखा. सगळं दिग्दर्शकाचं नसतं, असिस्टंटचं असतं, स्टेज मॅनेजरचं असतं. मग पेन्सिल आणि पेन वेगळं करा. तालमीत रोज बदल होतात म्हणून पेन्सिल, ठरलं की पेन, आणि पेनवर परत काट मारलेली दिसली तर ते बहुतेक प्रयोग सुरू झाल्यावर बदललंय (सगळेच असं करतात असं नाही, वही बघून ठरवा). कुठलं वाक्य उडवलं, कुठे पॉज आधी होता आणि नंतर खोडला, खोडरबरने कागद कुठे विरलाय, अभिनयाबद्दल त्या माणसाला खरंच काय वाटायचं ते तिथे कळतं हो. लेखात 'नटाला मोकळं सोडावं' लिहिलेलं असेल आणि वहीत प्रत्येक वाक्याला पाऊल आखून दिलेलं असेल, तर तुमचा प्रबंध तिथेच सुरू होतो.

आणि डावं-उजवं नटाच्या बाजूने धरायचं हे विसरू नका, नाहीतर अख्खा नकाशा उलटा होईल.

कागदकीडा
मी अर्काइव्हमध्येच काम करतो. वरच्या ताईंचं बरोबर आहे पण 'आधी वह्या मग लेख' ही विभागणीच सोडा. आमच्या कामात एक तत्त्व आहे, एका माणसाचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत, १८४१ मध्ये फ्रान्समध्ये त्याचा लेखी नियम झाला, आणि त्याच्याच जोडीचं दुसरं म्हणजे मालकाने जो क्रम ठेवला तो मोडायचा नाही. का, तर क्रम पण माहितीच आहे. एखाद्या व्याख्यानाचा खर्डा तालमीच्या वेळापत्रकाच्या पाठीवर लिहिलेला सापडतो, म्हणजे दोन्ही त्याच आठवड्यात डोक्यात चालू असणार. म्हणून पाठपोट दोन्ही बाजू बघा. 'इतर'ला घाबरू नका, क्रम लावणाऱ्याला जे कुठल्याच गटात बसवता आलं नाही ते तिथे जातं, आणि जो माणूस दिग्दर्शक पण आहे आणि अभ्यासक पण, त्याचं निम्मं आयुष्य तिथेच असतं.

बाकी कामाच्या गोष्टी. बॉक्स नंबर, फोल्डर नंबर प्रत्येक नोंदीच्या आधी लिहा, फोटो काढायची परवानगी असेल तर फोल्डरचं लेबल आधी क्लिक करा मग कागद. फक्त पेन्सिल न्या. एका वेळी एकच फोल्डर उघडा, कागद वर-खाली करू नका. विद्यार्थ्यांचे मार्क किंवा शिफारसपत्रं बंद ठेवलेली असू शकतात, तिथे वाद घालू नका. कॅसेट असतील तर आजच ईमेल करा, जुनी टेप मशीनवर चढवली की तुटू शकते, तिची डिजिटल कॉपी करायला वेळ लागतो. आणि पत्रांचा कागद संग्रहाचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा, उतारे छापण्याआधी ते बघा.

रात्रपाळी
एक सावधगिरी. वहीत लिहिलंय म्हणजे रंगमंचावर तसंच झालं असं धरू नका. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीने १८९८ मध्ये चेखवच्या 'सीगल' नाटकाचा आराखडा मॉस्कोपासून लांब, खार्कोव्हजवळ भावाच्या इस्टेटीवर बसून लिहिला, बेडकांच्या आवाजासकट, आणि एकेक अंक पाठवत गेला, तिकडे तालमी त्याचा सहकारी नेमिरोविच-दान्चेन्को घेत होता. म्हणजे तो कागद तालमीच्या आधीचा. तुमच्या वह्या आधीच्या, मधल्या की नंतरच्या हे तारखांवरून ठरवा, आणि फोटो, समीक्षा, नटांच्या मुलाखती शेजारी ठेवून वाचा.

अजून एक, हे कागद आपल्यापर्यंत पोचतात ते कुणीतरी जिवावर उदार होऊन सांभाळतं म्हणून. रशियन दिग्दर्शक मेयरहोल्डला स्टालिनच्या राजवटीत १९३९ मध्ये अटक झाली, त्याची बायको घरात मारली गेली, १९४० मध्ये त्याला गोळी घातली. त्याचे कागद सावत्र मुलीने लपवले आणि मग सिनेदिग्दर्शक आयझेनस्टाइनने, जो त्याचा विद्यार्थी होता, ते स्वतःकडे ठेवले. ज्याचं नाव घ्यायची भीती वाटावी त्याच्या वह्या! मी हे वाचलं तेव्हापासून कुठलाही फोल्डर उघडताना हात जपून चालतो.

तिसरी_घंटा
सगळ्यांचे खूप आभार. रात्री परत सूची काढून बसले, आता असं ठरवलंय की एकच नाटक घ्यायचं आणि त्या एका वर्षाचे सगळे कागद सगळ्या गटांतून मागवायचे, वही, पत्रं, व्याख्यानं, 'इतर' पण. कॅसेट १४ आहेत म्हणे, ईमेल केली. नाटक तेच घेतेय, शाळेत बघितलेलं. त्या शेवटच्या अंधाराचा क्यू कुणाच्या अक्षरात आहे ते बघायचंय.

विंगेतली
क्यूच्या शेजारी सेकंद लिहिलेत का ते पण बघा, आणि खोडून बदललेत का. आल्यावर इथे नक्की लिहा.