वन्यजीव आणि परंपरा : तरुणांना काय दाखवावे?

प्रश्न : आमच्या कोल्हापुरातील महाविद्यालयाच्या निसर्ग मंडळासाठी जगभरातील अशी उदाहरणे हवी आहेत, जिथे वन्यजीव वाचवताना लोकांची परंपरा मोडीत न काढता तिलाच नवे वळण दिले गेले. नुसत्या व्याख्यानांनी मुले जागची हलत नाहीत.

प्रतिसाद १ : केनियातील मसाईंपासून सुरुवात करावी. सिंहाची शिकार करून तरुणाने शौर्य सिद्ध करावे, ही त्यांची जुनी रीत. २०१२ पासून अंबोसेली परिसरात त्याऐवजी भालाफेक, धावणे आणि त्यांच्या नृत्यातील उंच उडी यांच्या स्पर्धा भरतात. शौर्य गाजवण्याची संधी शाबूत राहिली, म्हणूनच तरुणांनी हा बदल आपला मानला असावा. तालमींच्या आपल्या शहराला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

प्रतिसाद २ : सहमत आहे. अरुणाचलातील न्यिशी पुरुषांच्या वेताच्या टोपीवर धनेशाची चोच मिरवत असे. आता अनेक जण फायबरग्लासची चोच लावतात. भूतानच्या फोबजिखा खोऱ्यात दर ११ नोव्हेंबरला मठाच्या प्रांगणात शाळकरी मुले काळ्या मानेच्या क्रौंचाचा वेश करून नाचतात.

प्रतिसाद ३ : हे जरूर सांगा, पण आधी मुलांना दाजीपूरला न्या. काळ्याभोर अंगाचा, गुडघ्याखाली पांढऱ्या पायांचा गवा डोळ्यांनी पाहिलेला मुलगा सिंहाची गोष्ट मन लावून ऐकेल. दाजीपूर ज्यात येते ते राधानगरी अभयारण्य २०१२ पासून जागतिक वारसास्थळाचा भाग आहे. शिवाय देवराईतील वाळकी काटकीही घरी न नेण्याचा दंडक गावोगावच्या आजी-आजोबांना विचारून मुलांनीच लिहून काढावा.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. देवराईच्या नोंदींपासूनच आरंभ करतो.