पणजी-म्हापशासाठी डिझेल कशाला?
जुनी बीएमडब्ल्यू घ्यायचीय, डिझेल ३२०डी की पेट्रोल ३३०आय, असा प्रश्न आहे आणि धावणं रोजचं पणजी-म्हापसा. मग पेट्रोलच घ्या की! जेमतेम १३ किलोमीटर, त्यात पर्वरीला रखडपट्टी. बीएस-६ डिझेलचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, एवढ्यात नीट तापत नाही, काजळी साचते नि डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागतो. दर आठवड्याला चोर्ला घाट चढून बेळगाव असतं तर गोष्ट वेगळी.

२०१५ आधीची ३२०डी बघत असाल तर आणखी एक. तिच्या एन४७ इंजिनाची टायमिंग चेन, म्हणजे आतले भाग एका तालात फिरवणारी साखळी, मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला. थंड इंजिन सुरू करायला लावा. मागून चेनची खरखर आली की सरळ 'देव बरें करूं' म्हणून निघा. दिल्लीची स्वस्त डिझेल गाडी दाखवलीच, तर गोव्याचा रोड टॅक्स धरूनच भाव करा.