त्याच जहाजावर पुन्हा: केबिन बदला, जहाज नको

भाऊ, आईबाबांना परत 'एम्प्रेस' या पर्यटन जहाजावरच न्यायचं म्हणता आणि मागल्या खेपेस मागच्या टोकाच्या केबिनमध्ये रात्रभर खिडकी थरथरत होती म्हणता. जहाज 1990 चं आहे, तेव्हाचं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस'. पण थरथरीचं कारण फक्त वय नाही. मागच्या टोकाखाली जहाज ढकलणारे पंखे फिरतात. पुढच्या टोकाला जाल तर लाटेचा सर्वात मोठा झोका तिथंच, शिवाय नांगर टाकताना साखळीचा खडखडाट. म्हणून मधली अन् शक्यतो खालच्या डेकची, म्हणजे मजल्याची, केबिन घ्या. जहाजाच्या नकाशात तुमच्या डोक्यावर काय येतं ते आधी पाहा. वर पोहण्याचा तलाव नाहीतर नाचगाण्याची जागा असली की खुर्च्या ओढल्याचा आवाज अर्ध्या रात्रीपर्यंत. दोन्ही बाजूंनी, वर अन् खाली केबिनाच असलेली उत्तम.

केबिनचा नंबर बुकिंगच्या वेळीच पक्का करा. नुसता प्रकार निवडला तर उरलेली कुठलीही माथी पडते. आईबाबांना भिंतीतून उघडणारी वरची पलंगपट्टी देऊ नका, तिची शिडी अगदी अरुंद असते.

मळमळीची गोळी डॉक्टरला विचारून जहाज हलायच्या आधीच द्यायची, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.

जून ते सप्टेंबर नकोच, अरबी समुद्र खवळलेला असतो. सोयाबीन घरात आलं की निघा. बडनेऱ्याहून गाडी मात्र आदल्या दिवशी मुंबईला पोचणारी धरा. गाडी लेट झाली तर जहाज थांबत नसते जी!