निओबियमचा खड्डा दिसला म्हणजे सबडक्शन झालंच असं म्हणायचं का?

देसूरकर
गेल्या रविवारी चित्रदुर्गजवळ मारडीहळ्ळीला जाऊन आलो. पाण्याखाली थिजलेला लाव्हा, उशा रचून ठेवल्यागत, अडीच अब्ज वर्षांहून जुना, हात लावला तर अंगावर काटाच आला. माझं मत सरळ आहे, धारवाडच्या या हिरव्या पट्ट्यांत (जुन्या, हिरवट पडलेल्या लाव्हाच्या पट्ट्यांत) तेव्हाही सबडक्शन, म्हणजे एक प्लेट दुसरीखाली जाणं, चालू होतं. तिथल्या बऱ्याच बेसाल्टच्या मूलद्रव्यांच्या आलेखात निओबियम-टँटलमपाशी खड्डा पडतो, म्हणजे ती शेजारच्या मूलद्रव्यांपेक्षा कमी भरतात. समुद्रतळाची प्लेट खाली जाऊन तापली की तिच्यातलं पाणी बेरियम, स्ट्रॉन्शियम, शिसं घेऊन वर मँटलमध्ये, म्हणजे कवचाखालच्या थरात, घुसतं, निओबियम मात्र खालीच रुटाईल या खनिजात अडकून बसतं, आणि त्या पाण्यानं मँटल वितळून जो लाव्हा होतो त्यात ते कमी भरतं. जपानच्या ज्वालामुखींत आजही हेच दिसतं की.

खडीवाला
काय ओ देसूरकर, तुमच्या गावाच्या नावानं डेक्कन ट्रॅपचा एक थर आहे, देसूर फॉर्मेशन, आणि तुम्ही तिकडं कुठं फिरताय 😄 त्याच डेक्कनमधला बुशे थर बघा. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, सबडक्शनचा काही संबंध नाही, तरी खड्डा आहेच. कारण लाव्हा वर येताना खंडाचं जुनं कवच वितळवून गिळत आला, आणि कवचातच तो खड्डा असतोय. जुन्या कवचात स्ट्रॉन्शियमच्या दोन समस्थानिकांचं ८७/८६ गुणोत्तर जास्त असतंय; ते डेक्कनच्याच अंबेनळी थरात ०.७०४ च्या आसपास, बुशेत ०.७१३ च्या वर, म्हणजे किती गिळलंय बघा.

जांभ्यावरचा
बेरियम-स्ट्रॉन्शियमवर तर भरवसाच नको. दगड हिरवा झालाय तो क्लोराईट या खनिजानं, म्हणजे नंतर गरम पाणी फिरलंय, ही मूलद्रव्यं धुऊन इकडची तिकडं झालेली असणार. आमच्याकडं खानापूरच्या वाटेला जांभा बघताय न्हवं, पाणी दगडाचं काय करतं ते डोळ्यासमोर आहे.

देसूरकर
बेरियम सोडलं बाजूला, मान्य. पण थोरियम, निओबियम, टायटॅनियम सहसा हलत नाहीत, त्यावर तर बोलू की नको? आणि तेलंगणातल्या गदवाल पट्ट्यात बोनिनाईट नावाचा लाव्हाचा दगड सापडल्याचं संशोधकांनी मांडलंय त्याचं काय? सिलिका ५२ टक्क्यांच्या वर, मॅग्नेशियम ऑक्साईड ८ च्या वर आणि टायटॅनियम ऑक्साईड मात्र अर्ध्या टक्क्याच्या आत, असा दगड व्हायला आधीच एकदा पिळून निघालेलं मँटल पाणी घालून परत वितळवावं लागतं. ते पाणी कुठनं आलं सांगा.

खडीवाला
तेव्हाचं मँटल आजच्यापेक्षा जास्त तापलेलं, त्यातनं कोमॅटिआईट, म्हणजे मॅग्नेशियमनं भरलेला फार तापलेला लाव्हा, निघायचा, त्यानं कवच खाल्लं की तोही बराचसा बोनिनाईटसारखा दिसतोय. नुसत्या चेहऱ्यावरनं पाव्हणा ओळखू नका दादा. एकाच पट्ट्यातले दहा-वीस नमुने घ्या, खड्डा खोल होईल तसं निओडिमियमच्या समस्थानिकांचं गुणोत्तर जुन्या कवचाच्या आकड्याकडं सरकत गेलं तर गिळलंय. तसं सरकत नसंल तर मी गप्प.

देसूरकर
आणि खाली जाणाऱ्या प्लेटवर जुन्या खंडाचा गाळ असला तर? तोही मँटलमध्ये मिसळणार, निओडिमियम तसंच सरकणार, आणि तुम्ही म्हणणार गिळलंय.

खडीवाला
हां, ते खरं. मग वितळायला पाणी होतं का तेच आधी बघायला पाहिजे. मारडीहळ्ळीचा फोटो टाका की, निदान उशा तरी बघू.