शब्दचर्चा: गावावरून माणूस की माणसावरून गाव? (वॉशिंग्टनचा घोळ)

अनुवादिनी:
नमस्कार मंडळी, एका वाक्यावर अडलेय. सध्या इंग्लंडमधल्या जुन्या घराण्यांवरचं एक पुस्तक मराठीत करतेय, त्यात जॉर्ज वॉशिंग्टनच्या पूर्वजांवर एक प्रकरण आहे. मी लिहिलं होतं, "वॉशिंग्टन घराण्याला हे नाव इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातल्या वॉशिंग्टन या गावावरून मिळालं." सरळ वाक्य आहे ना? संपादकांकडून प्रत परत आली तर लाल शाईने उलटं करून ठेवलेलं, "वॉशिंग्टन या गावाला हे नाव वॉशिंग्टन घराण्यावरून मिळालं". आणि समासात शेरा, "क्रम चुकलाय. शहराला माणसाचं नाव दिलंय हे शाळेतली पोरंही सांगतील." फोन करून सांगितलं की अहो ते वेगळं वॉशिंग्टन, हे गाव माणसाच्या आधीचं. तर म्हणाले, मग तसं दिसेल असा शब्द वापरा.

तर दोन प्रश्न. गावावरून पडलेल्या आडनावाला मराठीत एक सुटसुटीत शब्द काय? आणि माणूस नि गाव एकाच नावाचे असतील तर त्या नात्याला काय म्हणायचं? माणसामाणसांत आडनावबंधू म्हणतो आपण, पण माणूस आणि गाव?

पेठेबाहेरचा:
सोप्पंय. वॉशिंग्टनकर लिहा आणि मोकळ्या व्हा. जॉर्जराव वॉशिंग्टनकर.

जुना खडू:
धागाकर्तीचा प्रश्न गंभीर आहे, थट्टा नको. 'ग्रामनामोद्भव आडनाव' असा शब्द करता येईल. 'स्थलनामजन्य' हाही चालेल. आपल्याकडे शब्द घडवायची सोय असताना लोक आधी हात वर करतात याचं वाईट वाटतं.

चहाटळ:
गुरुजी, ग्रामनामोद्भव म्हटलं की डोळ्यासमोर जमिनीतून उगवलेला माणूस येतो. 'गावावरून पडलेलं आडनाव' या तीन शब्दांत काय कमी पडतंय? सगळ्यालाच एक शब्द पाहिजे हा हट्ट इंग्रजीतून आलाय.

पेठेबाहेरचा:
+१. आणि माझं वॉशिंग्टनकर थट्टा नव्हती हो. जुन्या कागदांत ती मंडळी 'डी वेसिंग्टन' अशी आहेत ना? ते 'डी' म्हणजेच आपला 'कर'. पुढे 'डी' गळून पडलं आणि नुसतं गाव उरलं. म्हणून तर हा घोळ, आपल्याकडे 'कर' असा गळत नाही.

माडाखालचो:
आमच्या गोव्यात 'डी' शाबूत आहे की. डिसोझा म्हणजे 'डी सोझा', सोझा ही उत्तर पोर्तुगालमधली नदी. म्हणजे माझा शेजारी धरून सगळे डिसोझा सोझाकर झाले, आणि त्या नदीत त्यांच्यातल्या कुणी पाय बुडवला नसेल, बाप्तिस्मा झाला तेव्हा पाद्र्याचं नाहीतर कुणा पोर्तुगीज गॉडफादरचं आडनाव लागलं एवढंच. फर्नांडिस मात्र फर्नांडोचा मुलगा, ते गावाचं नाही.

जुना खडू:
चर्चा इंग्रजी आडनावांची चालली आहे.

माडाखालचो:
बरं, मग जॉन्सन घ्या. तोच प्रकार.

टाईनकाठची:
अनुवादिनीताई, मी या वॉशिंग्टनपासून वीसेक मिनिटांवर राहते, त्यामुळे हा विषय माझ्या हक्काचा. आधी उच्चार, इथे कुणी डरहॅम म्हणत नाही, 'डरम' म्हणतात, पण मराठीत डरहॅम रुळलंय तर राहू दे. आता मुद्दा. ११८३ मध्ये डरहॅमच्या बिशपच्या जमिनींची एक नोंदवही झाली, बोल्डन बुक म्हणतात तिला, सातबाराचा पणजोबा समजा. तिच्यात नोंद आहे की विल्यम डी हर्टबर्न या माणसाकडे वॉशिंग्टन आहे आणि त्याबदल्यात त्याने आपलं हर्टबर्न गाव बिशपला दिलंय. म्हणजे अदलाबदल. मग हे घराणं हर्टबर्न सोडून वेसिंग्टन लावायला लागलं. पुढे त्यांची शाखा दक्षिणेकडे सरकली, नॉर्थम्प्टनशायरमध्ये सल्ग्रेव्हला वाडा बांधला, आणि जॉर्जचा पणजोबा १६५० च्या दशकात व्हर्जिनियाला गेला. तेव्हा तुमचं वाक्य शंभर टक्के बरोबर आहे.

गाव आता सगळं नवं आहे, १९६४ मध्ये 'न्यू टाउन' म्हणून आखलं. आणि गंमत म्हणजे ज्या गावाचं नाव जगभर एवढं पसरलं तिथल्याच वस्त्यांना त्यांनी नंबर दिले होते, डिस्ट्रिक्ट ४, डिस्ट्रिक्ट ११ असे. जुने लोक अजून सांगतात, पाहुणा स्टेशनवरून फोन करायचा की मी नंबरांत हरवलोय. ओल्ड हॉल नावाचा दगडी वाडा आहे, चार जुलैला तिथे अमेरिकेचा झेंडा चढतो आणि पोरं छोटे झेंडे घेऊन उभी असतात, बहुतेक वेळा पावसात.

पेठेबाहेरचा:
वॉशिंग म्हणजे धुणं, टन म्हणजे टाउन. धोबीघाट असणार तिथे पूर्वी.

टाईनकाठची:
नाही हो! हे इथली शाळकरी पोरंही सांगतात. 'टन' म्हणजे जुन्या इंग्रजीत 'टून', कुंपण घातलेली वस्ती, वाडी म्हणा. मधलं 'इंग' म्हणजे अमक्याची माणसं. आणि पुढे ह्वासा नावाचा कुणी सॅक्सन माणूस असावा असं मानतात. ह्वासाच्या माणसांची वाडी. धुण्याचा काही संबंध नाही.

चहाटळ:
थांबा थांबा. म्हणजे आधी ह्वासा हा माणूस. त्याच्यावरून ह्वासाचीवाडी हे गाव. गावावरून ह्वासाचीवाडीकर हे घराणं. त्या घराण्यातला जॉर्ज मोठा झाला म्हणून राजधानीचं नाव ह्वासाचीवाडीकरनगर. संपादकपण बरोबर आणि ताईपण बरोबर, दोघांचा थांबा वेगळा आहे.

अनुवादिनी:
हे मी प्रिंट काढून संपादकांना पाठवणार आहे 😄

कुंडलचा पाव्हणा:
चहाटळराव, तुमचं ह्वासाचीवाडीकरनगर लोकांना विनोद वाटंल, पण आमच्याकडं हे खरंच झालंय की. मालवणजवळ किर्लोस गाव. तिथले म्हणून किर्लोस्कर. त्यातल्या लक्ष्मणरावांनी १९१० ला कुंडलच्या माळावर कारखाना टाकला, वस्ती झाली ती किर्लोस्करवाडी. गाव, मग माणूस, मग परत गाव. फरक इतकाच की मराठीत प्रत्येक वळणावर शेपूट लागतं, आधी 'कर' मग 'वाडी', त्यामुळं कोण आधी ते नावातच वाचता येतं. इंग्रजांनी शेपटं लावलीच नाहीत, वॉशिंग्टन गाव, वॉशिंग्टन माणूस, वॉशिंग्टन राजधानी, सगळं सारखंच. संपादक बिचारा करणार काय.

माझे आजोबा स्टेशनला कुंडल रोडच म्हणत शेवटपर्यंत. किर्लोस्करवाडी म्हटलं की म्हणायचे, ते कारखान्याचं, आपलं न्हवं.

जुना खडू:
हा प्रतिसाद उत्तम. फक्त एक गोष्ट. 'कर' गावावरून लागतो हे खरं, पण गाव सोडल्यावर लागतो. पुण्यात राहणाऱ्याला पुण्यात कोण पुणेकर आडनावाने ओळखणार? सगळेच तिथले. तो साताऱ्याला गेला की लोक विचारतात कुठला, मग पुणेकर. तेव्हा आडनावातलं गाव म्हणजे सोडलेलं गाव.

टाईनकाठची:
गुरुजी, इंग्लंडातही बऱ्याच अंशी तसंच. वॉल्श म्हणजे वेल्सचा, स्कॉट म्हणजे स्कॉटलंडचा, कॉर्निश म्हणजे कॉर्नवॉलचा, फ्रेंच आडनावाचेही आहेत. ही सगळी बाहेर गेल्यावर पडलेली नावं, वेल्समध्ये कोण कुणाला वेल्सवाला म्हणेल. पण आपला विल्यम उलटा निघाला ना, तो वॉशिंग्टनला आला तेव्हा वॉशिंग्टन झाला. हर्टबर्न सोडलं तर हर्टबर्न नाव ठेवायला हवं होतं त्याने, तुमच्या नियमाने.

जुना खडू:
तो जमीनदार होता. वतनदाराची गोष्ट वेगळी, तो वतनाचं नाव लावतो. नियम सामान्य माणसाचा सांगितला मी.

चहाटळ:
नियम आधी सांगायचा आणि विल्यम आडवा आला की सामान्य माणूस पुढे करायचा 😀

जुना खडू:
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

फोर्टातला:
उशिरा आलो. वेलिंग्टनचं तर याहून भारी आहे. आर्थर वेलस्ली, आपल्या असईच्या लढाईतला, २३ सप्टेंबर १८०३, आता जालना जिल्ह्यात येतं ते गाव. त्याला पुढे स्पेनमधल्या लढाईनंतर १८०९ मध्ये उमरावकी मिळाली तेव्हा तो तिकडेच रणांगणात, पदवीला नाव काय घ्यायचं ते इकडे भावाने ठरवलं. वेलस्लीसारखं ऐकू येणारं गाव शोधलं, सॉमरसेटमधलं वेलिंग्टन सापडलं, घेतलं. म्हणजे या गावावरून नाव पडलंच नाही, नावाला जुळेल असं गाव धरून आणलं! मग त्याच्यावरून न्यूझीलंडची राजधानी, त्याच्यावरून वेलिंग्टन बूट म्हणजे आपले गमबूट, निलगिरीतलं वेलिंग्टन कॅन्टोनमेंट. आता सांगा याला ग्रामनामोद्भव म्हणायचं का?

आणि मुंबईचं एल्फिन्स्टन. कॉलेज काकाच्या नावाचं, माउंटस्टुअर्ट, १८१९ ते १८२७ चा गव्हर्नर. स्टेशन पुतण्याच्या नावाचं, लॉर्ड एल्फिन्स्टन, १८५३ ते ६०. लोक दोन्ही एकच समजतात. स्टेशनचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, तेव्हा आमच्या ऑफिसात एकजण म्हणाला बरं झालं, कॉलेजवाल्याचं नाव काढलं. मी म्हटलं अरे ते काकाचं नव्हतंच. मूळ गाव एल्फिन्स्टन, स्कॉटलंडात एडिनबर्गच्या पूर्वेला.

माडाखालचो:
स्कॉटिश झालं ते. चर्चा इंग्रजी आडनावांची चालली आहे 🙂

मेलबर्नी मामी:
मुंबईतला, ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड कुणीच कसा काढला नाही! आमचे हे कॉलेजात असताना तिथून सुटे पार्ट आणून रेडिओ बनवायचे. आता कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण दुकानदाराला तसं सांगून बघा. तर आम्ही इकडे आलो, पहिल्याच आठवड्यात पोरीच्या शाळेत निधीसाठी केक विकायला ठेवले होते, स्पंजचे चौकोनी तुकडे, चॉकलेटात बुडवून वर सुक्या खोबऱ्याचा कीस, आणि पुठ्ठ्यावर लिहिलेलं लॅमिंग्टन. हे म्हणाले, अगं हे तर आपल्या ग्रँट रोडचं! हसू नका, खरंच त्यांचंच निघालं. लॉर्ड लॅमिंग्टन आधी क्वीन्सलंडचा गव्हर्नर होता, १८९६ ते १९०१, आणि मग १९०३ ला मुंबईला आला. केक त्याच्या नावाचा की त्याच्या बायकोच्या यावर इथे भांडणं होतात. तिकडे रस्ता, इकडे केक, माणूस एक.

टाईनकाठची:
मामी, आणि त्याचं आडनाव लॅमिंग्टन नव्हतंच, कॉक्रन-बेली होतं. लॅमिंग्टन ही पदवी, स्कॉटलंडातल्या गावावरची. आणि त्या गावाचं नाव बाराव्या शतकात येऊन राहिलेल्या लँबिन नावाच्या एका फ्लेमिश माणसावरून. लँबिनवाडी. म्हणजे तुमच्या केकवर खोबरं आपलं आणि नाव बेल्जियमकडच्या माणसाचं.

कुंडलचा पाव्हणा:
उधमसिंगांनी १९४० ला लंडनात ओडवायरला गोळ्या घातल्या तेव्हा जखमी झालेल्यांत हाच लॅमिंग्टन होता ना?

फोर्टातला:
हो, तोच. हाताला लागलं होतं.

अनुवादिनी:
मंडळी मजा येतेय पण माझा दुसरा प्रश्न?? माणूस आणि गाव एकाच नावाचे असले तर काय म्हणायचं?

आजीची बटवी:
आमची आजी एकाच नावाच्या दोघींना 'नावराशी' म्हणायची. माझी आणि शेजारच्या काकूंची नावं एक होती, तर काकू दारात आल्या की आजी हाक मारायची, "अगं तुझी नावराशी आलीय." हा शब्द माणूस आणि गावालाही चालेल. वॉशिंग्टनचा नावराशी वॉशिंग्टन.

जुना खडू:
आजींचा मान राखून सांगतो, 'नावरस नाव' म्हणजे जन्मनक्षत्रावरून, राशीवरून ठेवलेलं नाव. पत्रिकेतलं. त्याचा एकनावीपणाशी संबंध नाही. आजींचा काहीतरी गोंधळ झाला असणार.

आजीची बटवी:
गुरुजी, गोंधळ नाही, मी वीस वर्षं ऐकलंय ते. आजी पत्रिका बघायची नाही, तिला वाचताच येत नव्हतं. नाव एक म्हणजे रास एक, म्हणून नावराशी, इतकं सरळ आहे. शब्द पत्रिकेत नसला तरी आमच्या ओटीवर होता.

जुना खडू:
एका ओटीवर असणं पुरेसं नाही.

चहाटळ:
मग किती ओट्या लागतात गुरुजी? ग्रामनामोद्भव तर एकाही ओटीवर नाही.

माडाखालचो:
😂 पण गावाला रास असते का? महाबळेश्वरची कुठली?

फोर्टातला:
महाबळेश्वर म्हणजे मालकम पेठ, सर जॉन माल्कमवरून. आणि माल्कम म्हणजे गेलिक भाषेत संत कोलंबाचा दास, आपल्या रामदासासारखं. पेठेतला एक चणेवाला मात्र मला म्हणाला, "साहेब इथे माल कमी यायचा म्हणून माल-कम."

पेठेबाहेरचा:
माझ्या धोबीघाटापेक्षा ती व्युत्पत्ती जास्त पटली.

टाईनकाठची:
ताई, मराठीत शब्द शोधण्यापेक्षा पाव्हण्यांनी सांगितलं तसं शेपूट लावा ना. "डरहॅमकडचं मूळ गाव वॉशिंग्टन, त्याचे हे वॉशिंग्टन, आणि त्यांच्यातल्या जॉर्जच्या नावाने वसवलेली राजधानी." 'त्याचे' आणि 'च्या नावाने वसवलेली', दिशा आपोआप कळते. आणि जमलं तर वॉशिंग्टन डीसीच्या झेंड्यावरचे तीन लाल तारे आणि दोन पट्टे घराण्याच्या ढालीवरून घेतलेत तेही टाका, संपादकांना पुरावा दिसेल.

अनुवादिनी:
धन्यवाद, हे बरंच जमतंय. मी सकाळी संपादकांना हेच वाक्य पाठवलं आणि सोबत चहाटळ यांचं ह्वासाचीवाडीकरनगर. आत्ता उत्तर आलं. वाक्य मान्य आहे. फक्त 'वसवलेली' खोडलंय आणि समासात लिहिलंय, "जॉर्ज तिथे राहायला गेला नव्हता."

कुंडलचा पाव्हणा:
हे मात्र बरोबर पकडलं त्यांनी. राजधानी तिथं हलली १८०० ला आणि जॉर्ज १७९९ लाच गेला.

जुना खडू:
'वसवलेली' याचा अर्थ वसवणारा तिथे राहिलाच पाहिजे असा होत नाही. शिवाय 'च्या नावाने' म्हटलंय, त्याने वसवली असं कुठे म्हटलंय? संपादकांनी व्याकरण पाहावं. अनुवादिनीताई, या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने आहे. मात्र नावराशी छापू नये.

आजीची बटवी:
छापावं.

मेलबर्नी मामी:
अंडं न घालता लॅमिंग्टन कुणी केलंय का? चतुर्थीला हळदीकुंकू आहे.