चावी म्हटलं की हिंदी? काहीही!

खडूसवाचक: काल दाराबाहेर उभं राहून बायकोला फोन केला, चावी कुठे ठेवलीयस, तर म्हणे चावी हिंदीत, मराठीत किल्ली म्हण मग सांगते. पाच मिनिटं दारातच वाद! अहो, हिंदीत चाबी असते, ब. आपली चावी पोर्तुगीजांकडून आलीय, त्यांच्या शब्दातही व आहे. आता ते तो ‘शाव्ह’सारखा म्हणतात, पण तेव्हा च म्हणायचे. गोवा 1510 मधे घेतला त्यांनी, वसई 1534 ला, ती आपण परत घेतली 1739 मधे. वसई घेतली, चावी राहिली.

जुनंदप्तर: आली कुठूनही, आलेलीच ना? किल्ली घरची. संस्कृत कील म्हणजे खुंटी, खिळा आणि खीळ त्याचीच भावंडं. आणि जरा ‘यशाची गुरुचावी’ म्हणून बघा, कसं वाटतं ते.

उगाचएक: मग बादली आणि घमेलं पण टाका बाहेर, तेही पोर्तुगीज. पगारसुद्धा, तो कोण परत करतंय बघू 😄

टिचकी: मला तर दोन्ही लागतात. खेळण्यातली मोटार चावीची, आजोबांच्या घड्याळाला मात्र किल्ली द्यायची, तेही रोज रात्री झोपायच्या आधी, खर्रखर्र आवाज यायचा आणि शेवटी घट्ट झालं की थांबायचं, नाहीतर स्प्रिंग तुटणार म्हणून ओरडा. नळाची चावी. आणि दोघांचं भांडण लावायला कुणीतरी चावी देतो, किल्ली नाही देत. दोन शब्दांनी आपापली कामं वाटून घेतलीत, आपण कशाला मधे पडायचं?

जुनंदप्तर: भांडणं लावायची कामं परक्या शब्दाला, हे बरोबरच झालं म्हणायचं 😏

पोथीनिष्ठ: गंमत म्हणजे ती चावी लॅटिन ‘क्लाविस’वरनं आली आणि तिथे खिळ्याला ‘क्लावुस’ म्हणतात, मूळ एकच. म्हणजे तिकडेही किल्लीचं नातं खिळ्याशीच! आधी खुंटी, मग किल्ली, दोन्हीकडे तेच.

जुनंदप्तर: म्हणजे कल्पना सारखी. शब्द आपलाच वापरा की मग.

खडूसवाचक: बरं, तुमच्या त्या अस्सल किल्लीने उघडणार काय? कुलूप! ते अरबी ‘कुफ्ल’, आपण ल आणि फ ची अदलाबदल करून घरात घेतलं.

जुनंदप्तर: …आम्ही अडसर लावू.